धरणग्रस्तांची ‘दुकानं’ : घरच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

परवा रात्री चुलतभावाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. मजकूर थोडक्यात असा : कोयनेच्या धरणग्रस्तांना जमिनी, पैसे, नोकऱ्या सगळं कधीच मिळालं, पुनर्वसन सरकारने केलंच असतं, संघटनांनी नुसते मोर्चे काढले, या संघटना म्हणजे पुढाऱ्यांची वर्गणीची दुकानं, आणि हे लोक विकासाच्या आड येतात. खाली चौघांचे अंगठे. आमची आत्ती त्याच ग्रुपवर आहे आणि तिचं सासर कोयनेच्या पाण्याखाली गेलंय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. आत्ती काही बोलली नाही. म्हणून मी बोलते.

‘सरकारने केलंच असतं.’ कधी? धरण १९६४ पर्यंत बांधून झालं. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात आला १९७६ साली. म्हणजे कोयनेची माणसं उठली तेव्हा हक्क म्हणून पुढे करायला कायदाच नव्हता. पुढे १९८६ चा आला, १९९९ चा आला. हे काय कुणाला झोपेत सुचलं? सत्तरच्या दशकात कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्याबरोबर धरणग्रस्त रस्त्यावर उतरले होते. ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ ही घोषणा मंत्रालयात तयार झालेली नाही.

आणि सगळं मिळालंच होतं, तर २०१८ साली कोयनानगरला म्हातारी माणसं ठिय्या देऊन कशाला बसली होती? हवा खायला? डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दल या संघटनेने ते आंदोलन चालवलं. डॉ. पाटणकर कासेगावचे, स्वतः धरणग्रस्त नव्हेत, हे कुणी म्हणेल आणि ते खरंही आहे. पण मागण्यांत एक मागणी संकलनाची होती. कुणाची किती जमीन गेली, वारस कोण, काय मिळालं, काय राहिलं, याची साधी यादी. धरण होऊन पन्नास वर्षं उलटल्यावर लोक यादी मागत होते!

ही यादी खरी कुणी सांभाळली, ते मी आत्तीच्या घरी पाहिलंय. मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, गाव सोडताना सात-आठ वर्षांचे होते. गाव फुटलं, कुणी सांगलीत, कुणी सोलापूरला, कुणी पार रायगडला. मामांकडे कापडाच्या दुकानाची एक जुनी पिशवी आहे. तीत खातेउतारे, मृत्यूचे दाखले, रेशनकार्डांच्या झेरॉक्स, आणि एक वही. वहीत वडीलधाऱ्यांनी आठवून आठवून गावाचा नकाशा काढलाय : पिंपळ, त्याच्या उजवीकडे कुणाचं घर, मागे कुणाचा गोठा. दर घरापुढे आजचा पत्ता आणि फोन. एका कागदावर ‘गोविंद रामू’, दुसऱ्यावर ‘गोईंदा रामा’. माणूस एकच, पण कचेरीत दोन झाले आणि फाईल अडली. धरणग्रस्तांच्या वसाहतीच्या समितीतला एक टेम्पोवाला तीन वर्षं खेटे घालून ते नाव जुळवत होता. डिझेल स्वतःचं. कुठली बाहेरची संस्था येऊन हे करणार होती? तिला गोईंदा आणि गोविंद एकच हे सांगणार कोण?

दुकानांबद्दल : हो, आहेत. वसाहतींमधून पावत्या फाडून गायब झालेले मी ऐकलेत. मिळालेली जमीन मातीमोल भावाने विकून मोकळे झालेलेही आहेत. एवढं कबूल. पण पतसंस्था बुडवणारे निघाले म्हणून कुणी पतसंस्थाच नकोत म्हणत नाही.

विकासाच्या आड म्हणाल, तर धरण उभं आहे, १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं). पाण्याच्या वर सरकून जंगलकडेला राहिलेल्यांच्या डोक्यावर १९८५ साली अभयारण्यही आलं. आड आले असते तर यातलं काय झालं असतं?

दादा, तुझी द्राक्षबाग ताकारी-म्हैसाळच्या, म्हणजे कृष्णेतून उपसलेल्या पाण्यावर आहे. उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र उघडं पडलं की कोयनेतून पाणी सोडतात, तेव्हा तुझं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटतं. येत्या रविवारी आत्तीकडे ये. मामा पिशवी काढतील. तुझ्या बागेला पाणी कुणाच्या अंगणावरून येतं, ते नकाशात पिंपळाच्या उजवीकडे बघ.