एकास बत्तीस

गेली बावीस वर्षे मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू साच्यात ओतून भाग घडवणाऱ्या कारखान्यात, इतरांनी केलेले काम नापास करण्याची नोकरी करीत आहे. हातात मोजमापाचे व्हर्नियर, खिशात लाल खडू आणि समोर ओळीने मांडलेल्या पंपाच्या बॉडीज. कुठे हवा अडकून पडलेले भोक, म्हणजे ब्लो होल दिसले, कुठे साच्याच्या दोन पेट्या अर्धा मिलिमीटर सरकून मिसमॅच झालेला आढळला, की लाल फुली मारून मी पुढच्या जॉबकडे वळतो. मोल्डिंगवाल्यांचे माझ्याविषयीचे मत मला ठाऊक आहे. ते कारखान्याच्या स्वच्छतागृहात लेखी स्वरूपात उपलब्ध आहे.

जुलै २०२५ मध्ये बातमी आली की, १९६३ साली हवाई दलात दाखल झालेले मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबरला चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त होणार. माझे मामा नाशिकजवळच्या ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात होते. तो कारखाना १९६४ साली मिगसाठीच उभा राहिला आणि मामांचे सारे उमेदीचे आयुष्य त्या विमानाचे पत्रे जोडण्यात गेले. लहानपणी सुट्टीत नाशिकला गेलो, की नीट बसलेला रिव्हेट आणि सैल रिव्हेट यांच्या आवाजातला फरक ते आमटीच्या वाटीवर चमचा वाजवून आम्हाला समजावीत, आणि मामी दोन्ही आवाजांना वैतागत. हे मामा दसऱ्याला बेळगावला येणार होते. तोवर आपण स्वतः एक मिग बांधून त्यांच्यापुढे ठेवावे, असे माझ्या मनाने घेतले. कास्टिंगमधला केसाएवढा तडा ज्याला दहा फुटांवरून दिसतो, त्याला प्लॅस्टिकचे विमान ते काय जड, असा माझा हिशेब होता.

अशी विमाने प्रामुख्याने तीन मापांत मिळतात. एकास बहात्तर हे माप म्हणजे एका इंचात सहा फूट, त्यातले मिग तळहातावर मावते. त्याहून मोठे एकास अठ्ठेचाळीस, आणि त्याहूनही मोठे एकास बत्तीस. चष्म्याचा नंबर वाढलेला असल्यामुळे मी सर्वांत मोठे निवडले, आणि इथेच पहिली चूक झाली, कारण मोठ्या मापात काम सोपे होत नाही, फक्त चुका लांबून दिसतात. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार सव्वासात मीटरांच्या आत आहे, तो इथे जेमतेम बावीस सेंटिमीटर भरतो. पण लांबी नाकावरच्या नळीसकट अर्ध्या मीटरच्या घरात जाते, आणि एवढी वस्तू ठेवता येईल अशी मोकळी जागा शहापुरातल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाखेरीज कुठेही नाही. कुरिअरवाल्याने खोके आणून दिले, तेव्हा सौभाग्यवती आनंदाने म्हणाल्या, "अहो, मिक्सर मागवलात काय?" त्यानंतर दोन महिने आम्ही सर्व जण जमिनीवर बसून जेवलो.

खोके उघडताच मला फार बरे वाटले. सगळे भाग फ्रेमला चिकटलेले होते, आणि त्यांच्यावर माझ्या ओळखीचे सगळे दोष हजर होते: साच्याच्या सांध्याची रेघ म्हणजे पार्टिंग लाइन होती, कडेला फटीतून आलेला पातळ पापुद्रा म्हणजे फ्लॅश होता, आतल्या बाजूने भाग साच्याबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल वण होते. सवयीने मी व्हर्नियर काढले आणि पहिल्याच संध्याकाळी अकरा भाग नापास केले. मुलीने विचारले, "बाबा, मग आता हे परत पाठवायचे?" तेव्हा माझ्या लक्षात आले की या कारखान्यात मोल्डिंग, फेटलिंग म्हणजे घासून साफ करणे, आणि तपासणी ही तिन्ही खाती माझ्याकडेच आहेत.

या कामातला डिंक खरे तर डिंक नसतोच. तो दोन्ही कडांचे प्लॅस्टिक थोडे विरघळवतो आणि एकमेकांत मुरवतो, म्हणजे ते जवळजवळ वेल्डिंगच झाले. त्यामुळे चुकून तिथे बोट लागले, की बोटाचाही त्या विमानाशी कायमचा संबंध जोडला जातो. माझ्या डाव्या पंखावर उजव्या अंगठ्याचा जो ठसा उमटला, तो आधार कार्डासाठी दिलेल्या ठशापेक्षा कितीतरी स्पष्ट होता. तो पुसण्यासाठी मुलीचे नेलपॉलिश रिमूव्हर घेतले. त्यातले अ‍ॅसिटोन हे प्लॅस्टिक खाते, ही माहिती मला पंखाचे टोक मेणासारखे मऊ पडल्यावर मिळाली. पुढे काचेच्या झाकणाला मी झटपट चिकटणारा डिंक लावला आणि त्याच्या वाफेने आतून असे धुके धरले, की वैमानिकाला चोर्ला घाटातून गाडी चालवल्यासारखे वाटावे. मुलीने ते झाकण घासून, पॉलिश करून पुन्हा पारदर्शक केले आणि साध्या फेविकॉलने बसवले. फेविकॉल वाळल्यावर दिसत नाही, हे तिला चौथीपासून माहीत होते.

दोन बाजू एकत्र चिकटवून झाल्यावर विमान तात्पुरत्या चाकांवर उभे केले, तर ते शांतपणे मागे रेलून शेपटावर बसले. नाकात वजन घालायला मी विसरलो होतो. आता मिगच्या तोंडाशी हवा आत घेण्यासाठी गोल भोक असते आणि त्यात मधोमध एक शंकू बसवलेला असतो. त्या दोहोंच्या मधल्या फटीतून मी आमच्या शॉट ब्लास्टिंग मशिनचे पोलादी छर्रे चिमट्याने एकेक करून आत सोडले आणि वरून अराल्डाइट ओतले. विमान पुढच्या चाकावर टेकले. सगळे छर्रे अराल्डाइटला चिकटले नव्हते, एवढेच.

पण खरा छळ केला तो सांध्याने. मिगचे धड म्हणजे एक नळकांडे, आणि ते डाव्या व उजव्या अशा दोन अर्धुकांत येते. ही दोन्ही जोडली, की नाकापासून शेपटापर्यंत पाठीवरून एक रेघ राहते, जी खऱ्या विमानावर कुठेही नसते. ती घालवायची म्हणजे पुटी भरायची, ती वाळली की चारशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचे, मग सहाशे, मग हजार. बोट फिरवले की काही लागत नाही, डोळ्याला काही दिसत नाही, आणि प्रायमर मारला की ती रेघ जिथल्या तिथे पुन्हा वर येते. पुन्हा पुटी, पुन्हा घासणे. १९५६ पासून एका रेघेबरोबर नांदणाऱ्या गावातला माणूस असल्यामुळे मला याचे फारसे नवल वाटू नये, परंतु आठव्या खेपेला मी खरोखरच टेबलावर डोके टेकले. फेटलिंग शॉपमधल्या एका जुन्या कामगाराला फोटो दाखवून सल्ला विचारला. वीस वर्षे ज्याच्या जॉबवर मी फुल्या मारल्या, तो माणूस फोटो मोठा करून बराच वेळ पाहत राहिला आणि अतिशय समाधानाने म्हणाला, "साहेब, मिसमॅच हाय की." पाठीवरची रेघ शेवटपर्यंत पूर्ण गेली नाही. मात्र शेपटाच्या अलीकडे धडाभोवती कंकणासारखी फिरणारी आणखी एक रेघ होती, ती पहिल्याच पुटीत अशी साफ बुजली, की त्या यशावर मी रंगकामाला हात घातला.

मला जुने, उघड्या धातूचे चंदेरी मिग हवे होते. चंदेरी रंगाची रीत अशी, की आधी संपूर्ण विमान चकचकीत काळे करायचे. वरचा धातूचा थर अतिशय पातळ असतो आणि त्याला झळाळी येते ती खालच्या काळ्या थराच्या गुळगुळीतपणामुळे. आश्लेषाचा पाऊस कोसळत असताना गच्चीवरच्या पत्र्याखाली, नाकाला फडके बांधून, मी एअरब्रशने काळा लॅकर मारला. दहा मिनिटांत सगळ्या विमानावर भाकरीवर पीठ राहावे तशी पांढुरकी झाक चढली.

गल्लीच्या टोकाला अण्णांचा मूर्तीचा कारखाना आहे. चतुर्थीला बारा दिवस उरले होते, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ताडपत्रीखाली हॅलोजनच्या उजेडात दीडशे गणपती डोळ्यांची वाट पाहत बसले होते. अण्णांनी हातातले काम न थांबवता माझ्या विमानाकडे तिरके पाहिले.

"काळं विमान? अमावास्येला उडवायचं हाय काय गा?"

मी पांढरी झाक दाखवली. त्यांनी अंगठ्याने ती चोळली. थिनर फार लवकर उडाला, की रंगाचा पृष्ठभाग एकदम गार पडतो आणि पावसाळ्याच्या हवेतले पाणी त्यावर धरते, शिवाय तुझ्या कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साठले असेल, असे निदान त्यांनी सोंडेवरची छटा पुरी करता करता केले. रात्री अकरानंतर ये, म्हणाले. त्यांच्या कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली होती, त्यांनी सावकाश उडणारा थिनर दिला, आणि हॅलोजनमुळे शेडची हवा कोरडी होती. तीन रात्री मी तिथे काम केले. "आम्ही सोनेरीखाली पिवळा मारतो, तू चंदेरीखाली काळा मार. हात थांबवू नको की गा, पाणी शिंपडल्यागत मारायलास!" तिसऱ्या रात्री मुकुटांच्या आणि उंदरांच्या रांगेत माझे मिग खरोखर पत्र्यासारखे चमकू लागले. सकाळी मूर्ती ठरवायला आलेल्या एका मंडळाच्या कार्यकर्त्याने ते कोणत्या देखाव्याचे आहे आणि त्याचे भाडे किती, अशी चौकशीही केली.

राहिली नाकावरची नळी. किटमधली प्लॅस्टिकची नळी पुसताना तीनदा मोडली, म्हणून जाणकारांप्रमाणे इंजेक्शनच्या सुया एकीत एक बसवून ती करायचे ठरवले. औषधाच्या दुकानात जाऊन मी अठरा, एकवीस आणि सव्वीस नंबरची एकेक सुई मागितली, आणि सिरिंज नको म्हणालो. दुकानदाराने विचारले, "कोणाला द्यायचे आहे?" मी म्हणालो, "विमानाला." तो आतल्या पोराला हळूच म्हणाला, "इवरिगे सूजी कोडब्याड." म्हणजे, यांना सुई देऊ नकोस. साठीकडे झुकलेल्या मराठी माणसाला बेळगावात कानडी येत नसेल, असे त्याला का वाटले कोण जाणे. शेवटी मोबाइलमधला फोटो दाखवून सुटका करून घेतली.

केशरी, पांढरी आणि हिरवी वर्तुळे कोमट पाण्यातून सोडवून पंखांवर बसवली, त्यातले एक किंचित वाकडे बसले, आणि मिग तयार झाले.

मामा खंडेनवमीच्या दिवशी सकाळी आले. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते; पाटावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, लाल खडू, विळी आणि सौभाग्यवतींची शिलाई मशिनची कात्री मांडली होती, आणि मधोमध झेंडूच्या माळेत मिग. सत्त्याहत्तर वर्षांच्या मामांनी चष्मा पुसला, विमान दोन्ही हातांनी उचलले, पोटाखालून पाहिले आणि सवयीने कानाशी नेऊन हलवले. आत छर्रे खुळखुळले.

"इनटेकमध्ये काय पडलंय रे?"

मी वजनाची हकिगत सांगितली. मामा काही बोलले नाहीत. त्यांचा अंगठा पाठीवरच्या लांब रेघेवरून शेवटपर्यंत गेला, तरीही ते काही बोलले नाहीत. मग तो शेपटाच्या अलीकडे येऊन थांबला, आणि तिथेच मागेपुढे फिरू लागला.

"इथला सांधा कुठं गेला?"

"बुजवला," मी अभिमानाने म्हणालो. "एका पुटीत गेला."

"अरे, तो बुजवायचा नसतो. तिथून मागचा सगळा भाग सोडवून मागे ओढायचा, तेव्हा कुठे इंजिन बाहेर निघतं. जो खरा सांधा होता तो तू लिंपून टाकलास. आता याचं इंजिन काढायचं कुठून?"

त्यांनी पाटावरचा लाल खडू उचलला, त्याच्यावरची अक्षत फुंकून टाकली, आणि माझ्या चंदेरी विमानाभोवती सावकाश एक रेघ ओढली.

"इथून."

अशी रेघ पुन्हा कोरायला बारीक टोकाची सुई लागते. दुसऱ्या दिवशी, सोने वाटायला बाहेर पडलो तेव्हा, औषधाचे दुकान अर्धे उघडे होते. दुकानदाराने मला पाहिले आणि काही न विचारता तीन वेगवेगळ्या नंबरच्या तीन सुया काउंटरवर मांडल्या. सिरिंज त्याने काढलीच नाही.