बाळाच्या मुठीवर मोजे चढवण्याआधी

आमच्या वाडीत सध्या जवळजवळ प्रत्येक फोनवर एक मेसेज आहे. ‘बाळ हात नि वस्तू तोंडात घालतं ही घाणेरडी सवय. वेळीच मोडा. नाहीतर जंत होतात, दात वाकडे येतात, बोलायला उशीर होतो. दात शिवशिवत असतील तर मधातून टाकणखार चोळा, मुठींना मोजे घाला.’ माझ्या भाचीने तो वाचला आणि सात महिन्यांच्या लेकीला दिवसभर मोजे घातले. सासूबाईंचा घोषा चालूच, ‘काढ गो तो हात तोंडातसून!’ परवा मालवणला गेले तर पोर मोज्यासकट मूठ तोंडात कोंबत होती. मोजा लाळेने चिंब. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ही मुळात सवयच नाही. बाळ आईच्या पोटात असतानाच अंगठा चोखतं, सोनोग्राफीत ते दिसतं. पुढे सहा ते नऊ महिन्यांच्या काळात सगळं तोंडात घालण्याचा जोर असतो, आणि वर्षानंतर तो आपोआप ओसरत जातो. या वयात बोटं अजून नीट वळत नाहीत, पण ओठ आणि जीभ तयार असतात. चमचा गार, दुपटं मऊ, करवंटी खरखरीत, हे तिला आधी जिभेने कळतं. मोजे घातले की तिची चाचपण्याची जागाच आपण झाकतो. वर आतले सुटे धागे बोटाला करकचून बसण्याची भीती. नखं लागतात म्हणून मोजे घालत असाल, तर नखं कापा.

दातांचं म्हणाल, तर पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो आणि हात तोंडात जातो तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून. लाळही तेव्हाच वाढते, कारण ती तयार भरपूर होते आणि गिळायची कला अजून साधलेली नसते. (आईचे डोहाळे राहिले म्हणून लाळ गळते, हे ऐकून कितीतरी बायका उगाच खंतावतात. लाळेरं बांधा आणि सोडून द्या.) टाकणखार मात्र अजिबात नको. तो म्हणजे बोरॅक्स. मध-बोरॅक्स लावलेली चुसणी चोखणाऱ्या बाळांना आकड्या आल्याची नोंद डॉक्टरांनी केलेली आहे. आणि वर्षाच्या आत नुसता मधही नको, त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकते.

वाकडे दात? तो प्रश्न चार वर्षांनंतरही अंगठा न सुटलेल्या मुलांचा. सात महिन्यांच्या पोरीचा नाही.

आता बोलणं. इथे मेसेज नेमका उलटा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते नऊ महिन्यांची बाळं पाहिली. वस्तू तोंडात असताना ती हुंकारत, तेव्हा त्यांच्या आवाजात व्यंजनं जास्त येत आणि जास्त तऱ्हेची येत. ओठ मिटणं, जीभ टेकणं, याची ती तालीमच. २०१५चा कॅनडातला प्रयोग तर आपल्या ‘द’ आणि ‘ड’चाच. इंग्रजी घरांतल्या सहा महिन्यांच्या बाळांना हिंदीतले हे दोन आवाज वेगळे ऐकू येत होते. जिभेचं टोक दाबून धरणारी चपटी चावणी (दात येताना चावायला देतात ते खेळणं) तोंडात दिली, की तो फरक त्यांना कळेना. जीभ मोकळी ठेवणारी चावणी दिली तेव्हा कळत होता. म्हणून चावणी वाईट असं ठरत नाही, तो परिणाम त्या ऐकण्यापुरता तपासलेला होता. पण कान आणि जीभ किती जवळचे सोबती आहेत, ते यातून दिसतं.

जंतांच्या मुद्द्यात तथ्य आहे, अर्धवट. गोल जंताची अंडी विष्ठेतून मातीत येतात आणि हातातोंडातून पोटात जातात. उपाय साबण, स्वच्छ लादी आणि संडास. हुकवर्म नावाचा जंत तर अनवाणी पायांतून शिरतो, त्याला हाताचे मोजे काय करणार? वर्ष पूर्ण झालं की अंगणवाडीत जंतनाशक गोळी मिळते, दोन वर्षांच्या आत अर्धी.

खरा धोका मेसेजमध्ये आलाच नाही. आपल्या पडव्यांत चिंचोके, सुपारीची खांडं, आठळ्या पसरलेल्या असतात. सव्वा इंचाच्या नळीत मावेल ते सगळं लहान बाळाच्या घशात अडकू शकतं. कच्च्या काजूबीच्या टरफलातलं तेल तोंड भाजतं. पागाच्या, म्हणजे फेकून मासे धरायच्या जाळ्याचं शिसं चोखायला मिळालं तर विषच, जुन्या रंगाच्या खेळण्यांचंही तेच. रिमोटमधली बटणासारखी बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका जळू शकते, तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

घशात अडकून बाळाला रडता-खोकता येईना, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. हातावर पालथं घेऊन, डोकं खाली, पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब. वस्तू निघेपर्यंत आलटून-पालटून. आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ लावायला सांगा.