वांद्र्याचं चर्च इंग्रजांनी बांधलेलं नाही

वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या फोटोखाली एक मजकूर सध्या फिरतोय. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. त्यात म्हटलंय की हे चर्च इंग्रजांनी बांधलं, तिथले ख्रिस्ती मूळचे गोव्याचे, ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी केली म्हणून त्यांना 'ईस्ट इंडियन' नाव पडलं, वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टीतली, म्हणजे मुंबईच्या उत्तरेकडच्या बेटावरची, सगळी चर्चं जमीनदोस्त केली आणि या लोकांचा मराठीशी काही संबंध नाही. पाच विधानं आहेत. चार चूक आहेत आणि एक अर्धवट. ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय ती माणसं आपल्या शेजारची आहेत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी इंग्रजांचं बघू. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण दिली आणि १६६५ मध्ये इंग्रजांना ताबा मिळाला. पण माहीमच्या खाडीपलीकडचं वांद्रे त्यात नव्हतं. ते साष्टीत मोडायचं आणि साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत ती मराठ्यांनी जिंकली. इंग्रजांनी ती घेतली थेट १७७४ च्या अखेरीस, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. हे चर्च जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांनी उभारलं ते १५७५ च्या सुमारास. इंग्रज वांद्र्यात आले तेव्हा त्याला दोनशे वर्षं होत आली होती. इमारतीत पुढे फेरफार झाले, पण धर्मग्राम (पॅरिश) तोच.

हा घोटाळा होतो कारण आपण वांद्र्याकडे उपनगर म्हणूनच बघतो. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला, त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाईंनी पैसे दिले. तोवर खाडी होडीने ओलांडायची. मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२० मध्ये, त्याआधी वांद्रे ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणजे चर्च आधीचं आणि उपनगर नंतरचं. चर्च बांधलं गेलं तेव्हा भोवती भातखाचरं, ताडमाड आणि कोळीवाडा होता. रानवर, पाली, चिंबई ही नावं आज पत्त्यात येतात, पण ती गावांची नावं आहेत.

त्या गावांतली माणसं गोव्याहून आलेली नव्हती. ती इथलीच कोळी आणि शेतकरी कुटुंबं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यानंतरच्या काळात ती ख्रिस्ती झाली. हे सगळं आपखुशीने झालं असं मी म्हणणार नाही. राजसत्तेचा दाब होता, आमिषं होती, देवळं पाडली गेली. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात चर्च केलं होतं, त्याच्या खुणा आजही दिसतात. ते लपवायचं कारण नाही. पण धर्म बदलला म्हणून माणसाचं गाव बदलत नाही. गोव्याचे लोक मुंबईत मोठ्या संख्येने आले ते इंग्रजी अमलात, नोकरीधंद्यासाठी, आणि त्यांचे 'कूड', म्हणजे गावकऱ्यांनी मिळून राहायच्या जागा, माझगाव, धोबीतलाव भागात होते. साष्टीच्या चर्चमध्ये गोव्याचे पाद्री मात्र बराच काळ असत, कारण पोर्तुगीज पाद्रुआदोच्या, म्हणजे पोर्तुगालच्या राजाकडे चर्चच्या नेमणुकांचा हक्क असलेल्या, व्यवस्थेत इथला कारभार गोव्याच्या आर्चबिशपकडे होता. पाद्री गोव्याचा म्हणून गावही गोव्याचं, अशी समजूत त्यातूनच झाली असावी. शिवाय गोव्यातही एक साष्टी आहे. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी जेझुइट पाद्र्यांना ठार मारलं, ती घटना त्या साष्टीतली. ती या साष्टीच्या नावावर खपवलेली मी वाचली आहे.

कंपनीने नाव दिलं, हे तर तारखेतच बसत नाही. ईस्ट इंडिया कंपनी १८७४ मध्ये विसर्जित झाली. 'ईस्ट इंडियन' हे नाव या समाजाने स्वतः घेतलं १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्त्यांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे सरकारदरबारी ठसवायचं होतं. म्हणजे गोव्याचे नाही हे सांगण्यासाठी घेतलेलं नाव आज गोव्याचे असल्याचा पुरावा म्हणून फिरवलं जातंय. याचं मला फार वाईट वाटतं.

मराठ्यांचं विधान अर्धवट आहे. त्या धामधुमीत साष्टीतली कित्येक चर्चं पडली, ओस पडली, लुटली गेली. पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा पोर्तुगीज घडणीची आहे. वसईच्या विजयाची खूण म्हणूनच ती आपल्याला ठाऊक आहे. पण 'सगळी' हा शब्द खोटा. मे १७३९ मध्ये वसईने शरणागती पत्करली तेव्हा मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळण्याची मुभा कलमांतच होती. गोरे पाद्री गेले, देशी पाद्र्यांनी गावं सांभाळली, आणि सेंट अँड्र्यूज टिकलं. वांद्र्याचा किल्ला याच सुमारास पाडला गेला तो इंग्रजांच्या आग्रहावरून. तो मराठ्यांच्या हाती पडला तर समोरच्या माहीमला धोका, ही त्यांची भीती. ही बाजू त्या मजकुरात येत नाही. शिवाय चर्चं पाडल्याची बढाई मारताना आपण चिमाजी अप्पांनी दिलेला शब्दच पुसतोय.

राहिली मराठी. सप्टेंबरात आठ तारखेनंतर वांद्र्याच्या माउंट मेरीच्या डोंगरावर जत्रा भरते. कोळणी तिला मोत माउलीची जत्रा म्हणतात. चढावर दोन्ही बाजूंना मेणाचे हात, पाय, डोळे, छोटी घरं मांडलेली असतात. ज्याचं जे दुखतं त्याने ते घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. खंडोबाला, एकवीरेला नवस बोलणाऱ्याला यात काही समजावून सांगावं लागत नाही. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचं, त्याला 'उंबराचं पाणी' म्हणतात. जुन्या बायका लुगडं नेसतात. घरातली बोली मराठीचीच आहे, थोडे पोर्तुगीज शब्द मिसळलेली. खाडीपलीकडे वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उपनगरातल्या गावठाणांत आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये आणायच्या, पाद्रीबाबांनी आशीर्वाद द्यायचा, मग त्यातली एकेक लोंबी घरी न्यायची. अनेक गावांत आता शेत राहिलेलं नाही, तिथे इमारती आहेत, आणि लोंब्या बाहेरगावाहून मागवाव्या लागतात. तरी दरवर्षी मागवतात.