१२३४५६७८९८७६५४३२१ : हातचा न आल्याची गोष्ट

नमस्कार,

माझ्या लेखावर आक्षेप घेणारं तुमचं पत्र मिळालं. आधी चूक कबूल करतो. नऊ एकांच्या, म्हणजे १११११११११ च्या वर्गाबद्दल (तोच वर शीर्षकात आहे) लिहिताना ‘अंकांची बेरीज ८१, म्हणून ८१ ने भाग जातो’ असं मी ठोकून दिलं होतं. तुम्ही १८९९ ही संख्या समोर ठेवलीत. अंकांची बेरीज २७, पण २७ ने भागलं तर बाकी उरते ९. बरोबर आहे. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. त्यापुढे ती ताणायची नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल.

पण ‘म्हणजे हा निव्वळ योगायोग, आणि तोही दशमान पद्धतीचा’ हे तुमचं पुढचं वाक्य पटलं नाही.

नऊ एकांची बेरीज ९, म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो. उत्तर १२३४५६७९ (८ गायब, ही वेगळीच गंमत). साहजिकच तिच्या वर्गाला ८१ ने भाग जाणार. मग अंकांची बेरीजही नेमकी ८१ च का? उभा गुणाकार मांडून बघा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मधल्या रकान्यात नऊ एक, दोन्ही बाजूंना एकेक कमी. कुठेच हातचा येत नाही! आणि हातचा नसला की गुणाकाराच्या अंकांची बेरीज म्हणजे दोन्ही संख्यांच्या अंकबेरजांचा गुणाकार. इथे ९ × ९. प्रत्येक हातच्यामागे मात्र दहाचा एक होतो, म्हणून या बेरजेतून ९ गळतात. दहा एकांचा वर्ग घ्या: १२३४५६७९००९८७६५४३२१. हातचे दोन, म्हणून बेरीज १०० ऐवजी ८२. तुम्ही ज्याला ‘नमुना मोडला’ म्हणता ते एवढंच.

आता दशमानाचा आक्षेप. फक्त ०, १, २, ३ हे अंक वापरणारी पद्धत घ्या. तिच्यात घरांच्या किमती १, ४, १६ अशा चढतात, म्हणून १११ म्हणजे आपले २१. त्याचा वर्ग ४४१, आणि तो त्या पद्धतीत लिहिला तर येतो १२३२१! अंकांची बेरीज ९, आणि ४४१ ला ९ ने भाग जातो. ० ते ७ अशा आठच अंकांच्या पद्धतीत सात एक घ्या, तेच होतं. संख्या बदलते, कारण बदलत नाही.

गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं नाव आलं की मराठी माणूस हळवा होतो, हा टोमणा अर्धा मान्य. पण इथे ते नाव टाळणार कसं? देवळालीच्या या शाळामास्तरांनीच अशा वर्गांना ‘डेम्लो’ म्हटलं, जिथे कल्पना सुचली त्या स्टेशनच्या नावावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ हे नावही त्यांचंच. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हर्षद फक्त तीन: १, १२३२१ आणि आपली ही. कारण न एकांच्या संख्येला न ने भाग जावा लागतो, आणि नऊपर्यंत ते १, ३ आणि ९ लाच जमतं.

आणि हो, ही संख्या वाचायची कशी, असंही तुम्ही खवचटपणे विचारलंत. भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थानांच्या नावांनी वाचा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म… पुढचं तुम्ही पूर्ण करा.

लेखातलं ते वाक्य बदललंय. शेजारी तुमची १८९९ ही ठेवलीय.