इंजिन नंबर कुठाय?

आमच्या मारुती 800 ला 15 वर्षं झाली, म्हणून आरसी रिन्यू करायला काढली. तर एजंट म्हणतो, "सर, इंजिन नंबर तेवढा बघून ठेवा, गाडीवरचा आणि आरसीवरचा जुळला पाहिजे." बघून ठेवा म्हणे! जसं काय दारावर पाटी लावलीय.

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. मागच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर लगेच सापडला, एमए3 ने सुरू होणारा, 17 आकडी. मी मोठ्यांदा वाचतोय, बायको वहीत उतरवतीय, मधेच तो ओ आहे का शून्य यावरून आमचं चांगलं वाजलं, आणि मग तिनंच आरसी बघून सांगितलं की अहो, हा चेसी नंबर आहे. (चेसी नंबरात आय, ओ, क्यू घेतच नाहीत, एक-शून्याशी गल्लत नको म्हणून. हे आधी कळलं असतं तर पोहे गरम मिळाले असते.)

इंजिन नंबर असतो ब्लॉकवर. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं एवढंसं इंजिन, त्यात लपून लपून किती लपणार? पण 15 वर्षांचं ऑइल आणि साताऱ्याची धूळ यांचा असा काही थर बसलेला की खरवडला तर एखादं रोप आलं असतं. वरच्या बाल्कनीतून काका "डावीकडं बघ, डावीकडं" करत होते. कुणाच्या डावीकडं, ते काय त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शेवटी पोवई नाक्याजवळच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं पेट्रोलचा बोळा फिरवला, वर खडू घासला, आणि काळ्या ब्लॉकवर एकेक आकडा पांढरा उठून दिसायला लागला. एफ8बी... सगळं जुळलं, शेवटचा आकडा सोडून. आरसीवर 3, इंजिनवर 8.

माझे तर पायच गळाले. म्हणजे 15 वर्षं मी चोरीचं इंजिन घेऊन सासुरवाडीला जातोय? बायकोही माझ्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागली.

मिस्त्रीनं शांतपणे अंगठ्याला थुंकी लावली आणि त्या 8 वरून एकदा दाबून फिरवली. ओरखड्यात बसलेला खडू निघाला, 8 चा 3 झाला.

"किती झाले?" मी पाकीट काढत विचारलं.

"जावा की ओ," तो हात पुसत म्हणाला, "थुंकीचं काय पैसं घ्यायचं?"