‘घोडी उधळली, फसवणूक झाली’ या अभिप्रायास आमचे उत्तर

महोदय,

‘अनुभवी’ म्हणून आमच्याकडून घेतलेली घोडी दुसऱ्याच सकाळी उधळली, आपले चिरंजीव पडले आणि डॉक्टरांच्या मते तिचे वय नऊ नसून अकरा आहे, असे आपण लिहिले आहे. चिरंजीवांना लागले याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते आणि त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो. पाच वर्षांपर्यंत घोड्याचे वय दातांवरून बऱ्यापैकी नेमके कळते, पुढे मात्र दातांच्या झिजेवरून अंदाजच बांधावा लागतो. ती आमच्याकडे आली तेव्हाच तिचे सगळे दात आलेले होते. नऊ हाही अंदाजच होता आणि तसे आम्ही स्पष्ट सांगायला हवे होते.

मात्र ‘फसवणूक’ हा शब्द आम्हांला फार लागला. सारंगखेड्याच्या यात्रेत वडिलांच्या काळापासून आम्ही घोडे उभे करत आलो आहोत. ही घोडी काही वर्षे आमच्या दारात होती आणि माझी मुलगी तिच्याच पाठीवर रवाल चालीत, म्हणजे धक्के न बसणाऱ्या जलद चालीत, बसायला शिकली. सौद्याच्या दिवशी आपण स्वतः तिला अर्धा तास फिरवलेत, तेव्हा शेजारून ट्रॅक्टर गेला तरी ती बिचकली नव्हती.

रात्रभर टेम्पोत पाय रोवून उभ्या राहिलेल्या जनावराला चार दिवस विश्रांती द्यावी, हरभरा हळूहळू वाढवावा आणि सोबत दिलेला साधा लगामच वापरावा, हे आम्ही दोनदा सांगितले होते. आपणच टाकलेल्या छायाचित्रात तिच्या तोंडात काटेरी लगाम आहे आणि डाव्या ओठाच्या कोपऱ्याला ताजे रक्त दिसते. जी घोडी करंगळीच्या ओढीने थांबते, तिचे तोंड अशा लगामाने दोन्ही हातांनी खेचले, तर ती वेदनेपासून पळणारच. याला आम्ही खोड म्हणू शकत नाही.

यात्रा सुरू होते ती दत्तजयंती तोंडावर आली आहे आणि गिऱ्हाईक आमच्याकडे येण्याआधी हेच वाचते, म्हणून इतके सविस्तर लिहावे लागले. यापुढे सूचना लेखी देण्याची व्यवस्था आम्ही करू. घोडी ठेवायची नसल्यास फोन करावा, व्यवहाराचे बसून बोलू. तोवर कृपया तो लगाम काढावा, जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुवावी आणि ती भरेपर्यंत तिला नुसत्या म्होरकीवर, म्हणजे तोंडात लोखंड नसलेल्या दोरीवर, हिंडवावे.