कयाक टपावर, काळजी वाऱ्यावर

पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोलाडला स्वतःची कयाक घेऊन जायचं ठरवलंत, अभिनंदन. बोट घेतली, वल्हं घेतलं, लाइफ जॅकेटचा रंग बोटीला मॅच होतो का हे घरच्यांनी पाहिलं. आता राहिला तो बोट टपाला बांधायचा पट्टा. बजेट संपल्यावर जे उरतं त्यात जो येतो तो पट्टा, ही त्याची पहिली कसोटी.

दुसरी कसोटी म्हणजे पाकिटावर 'वॉटरप्रूफ' हा शब्द ठळक हवा. आतला धागा कोणता हे विचारून दुकानात स्वतःचं हसं करून घेऊ नका. विचारलंतच, तर नायलॉन मागा. नायलॉन पाणी पितो आणि भिजला की सैलावतो. सकाळी पार्किंगमध्ये तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजणारा पट्टा मुळशी ओलांडून पाऊस लागला की आपोआप ढिला पडतो. पॉलिएस्टरचं तसं नाही. तो पाणी जवळजवळ शोषत नाही, ताणतोही कमी. म्हणजे घाटात उतरून पट्टा पुन्हा आवळायचं निमित्तच उरत नाही. मग भजी कुठे खाणार?

पट्ट्यावरचा पाणी झटकणारा लेप मात्र खराच कामाचा असतो, पहिले काही दिवस. पुढे उन्हाने आणि कॅरिअरच्या कडेवर घासून तो उतरतो आणि खालचा धागा जो असेल तो उघडा पडतो. ते पुढचं पुढे बघू. तोवर रिव्ह्यू लिहून झालेला असतो.

कॅरिअर बसवायचा खर्च करूच नका. गाडीची चारही दारं उघडून पट्टा आतून फिरवा, दारं दाबून लावा. ताम्हिणीच्या पावसात पाणी पट्ट्यावरून दाराच्या रबराखालून आत शिरतं, छताच्या कापडाखाली पट्टा जिथे झोळ खातो तिथे थेंब साठवतं आणि बरोबर मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर सोडतं. त्यांनाही वॉटर स्पोर्ट्सचा अनुभव मिळतो, तोही लाइफ जॅकेटशिवाय.

पाकिटावर '५०० किलो' असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त राहा. तो आकडा पट्टा तुटण्याचा असू शकतो, आणि वापरायची मर्यादा साधारण त्याच्या एक तृतीयांश धरतात, असं कुणी सांगेल. तुमची बोट वीस-पंचवीस किलोची. तेवढी तर दोघं खांद्यावर नेतात! वारा बोटीला खालून उचलतो, आणि वेग ५० वरून १०० वर गेला की त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो, हा हिशोब वाऱ्याने करायचा आहे. परत येताना एक्स्प्रेसवेला लागलात की तो करेलच.

आता बकल. साधं कॅम बकल, म्हणजे पट्टा ओढला की दात धरून ठेवणारं, अगदीच मिळमिळीत. त्यात हाताच्या ताकदीइतकाच ताण येतो. आपल्याला हवा रॅचेट, ट्रकवाले वापरतात तो. कट-कट-कट आवाज येतो, शेजारी गॅलरीत येऊन बघतात, आणि आपल्याला थांबवत नाही. प्लॅस्टिकची बोट उन्हात तापून मऊ झालेली असते. त्यामुळे चार कट जास्त दिले की तळाला छान खळगा पडतो. पुढे कोलाडच्या कुंडलिका नदीत बोट सरळ का जात नाही, याचं खापर प्रवाहावर फोडता येतं. भिऱ्याच्या वीजघरातून नदीत सुटलेलं पाणी तुमच्याशी वाद घालायला येणार नाही.

टपावरून पट्टा पलीकडे टाकताना बकलचं टोक भिरकवा. काच कोणाच्या गाडीची फुटते हे नशिबावर सोडा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपल्या पट्ट्याला मुळात पीळच देऊ नका. एखादा वळसा दिला तर वाऱ्यात पट्टा फडफडत नाही आणि गाडीत तो भोंग्यासारखा घुमणारा आवाजही येत नाही. मग मुलं गाणी लावा म्हणून मागे लागतात.

कधी तारकर्ली-मालवणला समुद्रात गेलात तर पट्टा गोड्या पाण्याने धुऊ नका. सोसायटीत टँकर येतो, हे सबळ कारण आहे. दाताच्या स्प्रिंगमध्ये मीठ बसतं, मग गंज, मग पुढच्या वेळी बकल एकतर उघडत नाही किंवा धरत नाही. तोवर तो गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधून ठेवा. वर्षभराच्या उन्हात धागा पांढुरका होऊन तुसासारखा सुटायला लागला, की समजा आता पट्टा मुरला.

शेवटचं, पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगळी दोरी बांधायचा आग्रह धरणारे लोक भेटतील. बॉनेटसमोर दोरी दिसली की गाडीची शान जाते, एवढंच त्यांना सांगा आणि निघा. मधले दोन पट्टे पुरतात, जोवर पुढून ट्रक येत नाही. घाटात मागचा गाडीवाला सारखा हॉर्न देत असेल तर शांतपणे साइड द्या. ओव्हरटेक करताना तो काच खाली करून वर बोट दाखवेल. हसून सांगा, "हो, आमचीच आहे."